नऊ नावं, चौदा माणसं

भिवंडीत एका कर सल्लागाराच्या ऑफिसात मी तीन वर्षं काम केलं. दर महिन्याच्या १५ तारखेच्या आत कारखान्यांची ईएसआयची, म्हणजे कामगार विमा योजनेची, वर्गणी भरणं हे माझं काम. आणि ज्यांना ती भरायचीच नव्हती, त्यांचे हजेरीपटही मीच टाइप करायचो. शिवणकामाचा एक कारखाना होता. माणसं चौदा, पटावर नावं नऊ. दहा झाली की ईएसआय लागू होतं, म्हणून नऊ. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. सगळेच करतात, असं साहेब म्हणायचे.

पटावर नसलेल्या पाच जणांत माझी खालाजाद बहीण होती. पगार १२ हजार. सातव्या महिन्यात तिने सुट्टी मागितली, तेव्हा शेठ म्हणाले, "बेटा, आता घरी आराम कर, पुढचं नंतर बघू." बाळ झाल्यावर त्यांनी घरी सुकामेवा आणि ५ हजार रुपये पाठवले. खाला अजून त्यांना दुआ देते.

त्या रात्री मी हिशेब मांडला. बहिणीचं नाव पटावर असतं तर शेठना तिच्या पगाराच्या ३.२५ टक्के, म्हणजे महिन्याला ३९० रुपये भरावे लागले असते. तिच्या पगारातून ०.७५ टक्के, म्हणजे ९० रुपये कापले गेले असते. आधीच्या दोन सहामाहींत मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली असली की २६ आठवडे पूर्ण पगाराइतकी रक्कम मिळते. तिच्या बाबतीत ती ७० हजारांच्या आसपास गेली असती, आणि तीही शेठच्या खिशातून नाही, विम्याच्या निधीतून. शिवाय त्या काळात तिला कामावरून काढता आलं नसतं.

शेठ वाईट माणूस नाहीत. रमजानमध्ये जकातीचा हिशेब पैशापैशाने करतात. पण जकात ही जकात आहे आणि कामगाराचा हक्क हा हक्क. एकाची रक्कम दुसऱ्यात वळती होत नाही. ७० हजारांचा हक्क बुडाला, त्याच्या जागी ५ हजारांची मदत आली, आणि आम्ही सगळ्यांनी शुक्रिया म्हटलं!

मुसलमान म्हणून घर नाकारलं, नोकरी नाकारली, तर आपण आवाज उठवतो. उठवलाच पाहिजे. पण मालकही आपला आणि कामगारही आपला, तिथे मात्र 'घरातली गोष्ट' म्हणून गप्प बसतो. यंत्रमागावर वर्षानुवर्षं धूळ खाणाऱ्या चाचांना टीबी होतो, तेव्हाही मोहल्ल्यात चंदाच गोळा होतो. खरं तर साध्या आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळायला हवा. टीबीसारख्या लांबलेल्या आजारात, अटी पूर्ण असतील तर, दोन वर्षांपर्यंत ८० टक्के.

छोट्या कारखानदाराला हे परवडत नाही, असं म्हणतात. सगळ्यांना १२ हजार पगार धरला तर चौदा माणसांचे महिन्याला ५,४६० रुपये होतात. मंदीत ही रक्कम लहान नाही, मान्य. पण २१ हजारांवर पगार असलेल्या बाईला ईएसआय लागू नाही. तिचे २६ आठवड्यांचे पैसे मालकाला स्वतःच द्यावे लागतात. खरं ओझं ते आहे, आणि म्हणूनच आपल्या शिकलेल्या मुलींना मुलाखतीत 'लग्न झालंय का?' असं विचारलं जातं. तिथेही निधीतूनच पैसे द्यायची सोय सरकारने करावी, असं माझं मत आहे. बापाला तर खाजगी नोकरीत कायद्याने एक दिवसाचीही सुट्टी नाही. तो विषय वेगळा.

तुम्ही कुठे कामाला असाल तर आपला दहा आकडी विमा क्रमांक मागा. मालकाचा हिस्सा तुमच्या पगारातून कापता येत नाही. आणि कारखाना एकदा योजनेत आला की नंतर माणसं दहाच्या खाली गेली तरी तो बाहेर पडत नाही.

ती नोकरी मी सोडली. गेल्या महिन्यात शेठना भेटायला गेलो. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "तिचं एकटीचं नाव घातलं तरी दहा होतात. मग सगळ्यांचीच घालावी लागतील." मी हो म्हटलं. चौदा नावांची यादी त्यांच्या टेबलावर ठेवून आलो. अजून फोन आलेला नाही.