सांधा कोण पाहतो?

न्यूझीलंडमध्ये सिप पॅनेलच्या घराचा अर्ज कौन्सिलकडे अडला की खापर कौन्सिलच्या आळसावर फोडायचे, ही सवय या आठवड्यात पुन्हा दिसून आली. एका अर्जदाराला एकोणिसाव्या कामकाजी दिवशी माहिती मागवणारे पत्र मिळाले, त्यात भिंतीच्या टिकाऊपणापासून छपराच्या सांध्यापर्यंत अनेक प्रश्न होते, आणि पॅनेल विकणाऱ्यांच्या बाजूने लगोलग सांगितले गेले की ही वस्तू जगभर वापरली जाते, मग विचारण्यासारखे उरतेच काय. २००४ च्या बिल्डिंग ॲक्टनुसार कौन्सिलला बांधकामाच्या संमतीचा निर्णय २० कामकाजी दिवसांत द्यावा लागतो, परंतु तिने माहिती मागवली की उत्तर येईपर्यंत दिवसांची मोजणी थांबते; त्यामुळे एकोणिसाव्या दिवशी आलेल्या पत्राने अर्जदार संतापला तर तो संताप रास्तच मानला पाहिजे. तरीही या स्तंभाची भूमिका बदलण्याचे कारण दिसत नाही. ज्याच्या सहीमागे पैशाची जबाबदारी उभी आहे तो सही जपूनच करणार, आणि म्हणून दोष सही करणाऱ्याच्या स्वभावात न शोधता पुराव्याच्या व्यवस्थेत शोधावा लागतो.

सिप, म्हणजे स्ट्रक्चरल इन्सुलेटेड पॅनेल, हा तीन थरांचा फलक असतो. बाहेरचे दोन थर बहुधा ओएसबीचे, म्हणजे लाकडाच्या चपट्या कपच्या राळेने चिकटवून दाबून केलेल्या बोर्डाचे असतात, आणि त्यांच्यामध्ये थर्माकोलच्या जातीचा किंवा पॉलियुरेथेनचा फोम असतो. हे तिन्ही थर एकमेकांना पक्के चिकटलेले असल्यामुळे भार घेताना ते एकच वस्तू म्हणून वागतात : इंग्रजी ‘आय’ अक्षराच्या आकाराच्या लोखंडी तुळईत वरची आणि खालची पट्टी जे काम करते ते येथे दोन बोर्ड करतात, आणि त्यांना जोडणाऱ्या मधल्या पत्र्याचे काम फोम करतो. फोम हा केवळ भराव नसून रचनेचाच भाग आहे, आणि चिकटपणा सुटला तर भिंतीचे बळही सुटते, ही गोष्ट समजली की कौन्सिल गोंदाच्या चाचण्यांचे कागद का मागते हेही समजते. कल्पना मात्र खरोखरच जुनी आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन येथील फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीने १९३५ मध्ये अशा ताण घेणाऱ्या बोर्डांच्या पॅनेलचे प्रायोगिक घर उभारले, आणि फोमचा गाभा १९५० च्या दशकात आला.

आता एकाच रस्त्यावरील, एकाच आकाराची दोन घरे शेजारी ठेवून पाहावीत. पहिले घर लाकडी सांगाड्याचे आहे. त्याचा आराखडा करणारा ‘एनझेडएस ३६०४’ हे मानक उघडतो, त्या भागातील वाऱ्याचा गट पाहतो आणि कोष्टकातून उभ्या दांड्यांचे माप, उदाहरणार्थ ९० बाय ४५ मिलिमीटर, आणि त्यांच्यातील अंतर उचलतो. पाणी रोखण्याच्या तपशिलांसाठी तो ‘ई२/एएस१’ या सरकारी दस्तऐवजातील आकृत्या उतरवून घेतो. अशा दस्तऐवजाला ‘ॲक्सेप्टेबल सोल्यूशन’ म्हणतात, म्हणजे जो उपाय तंतोतंत पाळला तर बांधकाम संहितेची अट पूर्ण झाली असे कौन्सिलला मान्य करावेच लागते. बिल्डिंग ॲक्टचे १९ वे कलम तसे बंधन घालते. या अर्जदाराला लाकूड भार पेलते की नाही हे कोणी विचारत नाही, कारण ते उत्तर त्याच्या आधी कोणीतरी, एकदाच, सर्वांसाठी लिहून ठेवले आहे.

दुसरे घर सिपचे आहे, आणि त्यासाठी असे तयार कोष्टक नाही. ते ‘ऑल्टरनेटिव्ह सोल्यूशन’, म्हणजे पर्यायी उपाय, या वाटेने जाते, आणि या वाटेवर संहितेचे प्रत्येक कलम अर्जदाराने स्वतः सिद्ध करायचे असते. ‘बी१’ या रचनेच्या कलमासाठी अभियंत्याची गणिते, चाचण्यांचे अहवाल आणि ‘प्रोड्यूसर स्टेटमेंट’ हे त्याचे सहीचे निवेदन लागते. ‘बी२’ या टिकाऊपणाच्या कलमानुसार भार वाहणारा भाग ५० वर्षे टिकला पाहिजे, आणि ते दाखवण्याच्या मान्य पद्धती तीन आहेत : प्रत्यक्ष वापराचा इतिहास, प्रयोगशाळेतील चाचणी, किंवा तशाच दुसऱ्या पदार्थाशी तुलना. परदेशात अनेक वर्षे टिकलेल्या भिंतीचा इतिहास न्यूझीलंडच्या दमट किनाऱ्यावर किती लागू पडतो, हा प्रश्न येथे खोडसाळपणाचा नसतो. ‘ई२’ या बाहेरील ओलाव्याच्या कलमात अडचण आणखी बारीक होते, कारण ‘ई२/एएस१’ मधील आकृत्या लाकडी दांड्यांच्या भिंतीसाठी काढलेल्या आहेत. आच्छादनामागची पोकळी राखणाऱ्या रिपा तेथे दांड्यावर ठोकल्या जातात, तर सिपमध्ये त्या पातळ ओएसबीवर ठोकाव्या लागतात, मग खिळ्याची पकड किती, बोर्ड ओला झाला तर ती किती उरते, आणि खिडकीच्या चौकटीखाली पाणी बाहेर वळवणारी पट्टी कशावर टेकते, हे सगळे नव्याने दाखवावे लागते. न्यूझीलंडमध्ये स्थानिक प्राधिकरणे ६७ आहेत. एका ठिकाणी मान्य झालेला हा सगळा पुरावा दुसऱ्या ठिकाणी आपोआप मान्य होत नाही, आणि तोच अभ्यास नव्या तपासनिसाला नव्या पगारावर पुन्हा करावा लागतो.

या तुलनेतील सर्वांत बोलका भाग उष्णतेचा आहे. ‘एच१’ या ऊर्जाबचतीच्या कलमासाठी लाकडी भिंतीचे गणित करताना भिंतीच्या एकूण क्षेत्रात लाकूड साधारण १४ ते १८ टक्के असते असे धरण्याची रीत होती. परंतु ब्रान्झ, म्हणजे १९६९ पासून काम करणारी न्यूझीलंडची बांधकाम संशोधन संस्था, हिच्या पाठबळाने झालेल्या पाहणीत प्रत्यक्ष बांधल्या जाणाऱ्या भिंतींतील लाकडाचे प्रमाण सरासरी ३४ टक्के निघाले. लाकूड इन्सुलेशनपेक्षा उष्णता पुष्कळ जास्त वाहते, म्हणून जेथे दांडा आहे तेथे थंडी आत येण्याची वाट आहे, आणि कागदावर उबदार ठरलेली भिंत हिवाळ्यात तितकी उबदार राहत नाही. म्हणजे ओळखीच्या भिंतीला तिच्या गृहीतकावर संमती मिळत राहिली, आणि जी भिंत सलग फोममुळे याच परीक्षेत वरचढ ठरते तिच्याकडे मात्र प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागितला गेला. पुरावा मागण्यात चूक नाही. ओळखीलाच पुरावा मानण्यात चूक आहे.

आणि ओळखीने केवढा घात केला हे न्यूझीलंडइतके कोणत्या देशाने अनुभवले असेल, असे वाटत नाही. १९९१ च्या कायद्याने संहिता ‘काय साधायचे’ एवढेच सांगू लागली, त्याच दशकात भट्टीत वाळवलेले पण रसायनप्रक्रिया न केलेले रेडिएटा पाइन सांगाड्यासाठी वापरण्याची मुभा मिळाली, वळचण नसलेली, गिलाव्यासारखी गुळगुळीत आच्छादने थेट सांगाड्यावर लावलेली घरे उभी राहिली, आणि आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला पोकळीच नसल्यामुळे सांगाडे कुजले. २००२ मध्ये डॉन हन यांच्या अध्यक्षतेखालील गटाने हे सरकारपुढे मांडले. २००९ मध्ये प्राइसवॉटरहाउसकूपर्सने बाधित घरांची संख्या सुमारे ४२,००० आणि खर्च ११.३ अब्ज डॉलर असल्याचा अंदाज दिला. ती घरे लाकडी सांगाड्याचीच होती, आणि त्यांना संमती मिळालेली होती.

त्या संमतीची किंमत पुढे कौन्सिलांनी मोजली, आणि वाचकांना परिचित असलेला या स्तंभाचा हट्टाचा मुद्दा येथेच येतो. इन्व्हरकार्गिल सिटी कौन्सिल विरुद्ध हॅमलिन या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९९६ मध्ये घरमालकाप्रती कौन्सिलची जबाबदारी कायम केली, आणि २०१२ च्या ‘स्पेन्सर ऑन बायरन’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती घरांपुरती मर्यादित नसल्याचे सांगितले. जबाबदारी संयुक्त आणि स्वतंत्र अशी दोन्ही असल्यामुळे, म्हणजे अनेक दोषींपैकी कोणाही एकाकडून सगळी भरपाई वसूल करता येत असल्यामुळे, बिल्डरने कंपनी गुंडाळलेली आणि आराखडाकाराकडे विमा नसलेला अशा वेळी संपूर्ण रक्कम करदात्यांच्या तिजोरीतून जात असे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सरकारने ही पद्धत बदलून ज्याच्या-त्याच्या दोषाच्या प्रमाणात जबाबदारी ठेवण्याचे जाहीर केले, तेव्हा या स्तंभात वारंवार मांडलेली गोष्ट मान्य झाली. मात्र त्याने सिपचा अर्ज आपोआप सोपा होईल अशी आशा जे करतात त्यांनी भीती आणि अज्ञान यांतला फरक लक्षात घ्यावा. भीती कमी झाली तरी पॅनेलविषयी तपासनिसाला जे माहीत नाही ते माहीत होत नाही.

पॅनेल विकणाऱ्यांच्या बाजूचाही एक मुद्दा येथे खोडला पाहिजे. ‘जगभर वापरले जाते’ या जगात अलास्कातील जुनो हे शहरही येते, जेथे पाऊस जवळजवळ नेमाचा आहे आणि जेथे सिप पॅनेलची काही छपरे सांध्यांपाशी कुजली. कारण पॅनेलच्या पोटात नव्हते. आढ्याजवळ दोन पॅनेल जेथे मिळतात तेथील सांधा नीट भरलेला नव्हता. घरातली उबदार, दमट हवा त्या फटीतून वर सरकली, बाहेरच्या गार बोर्डाला टेकताच तिच्यातील वाफेचे पाणी झाले, आणि ओएसबीची कड, जी पाणी सर्वांत आधी पिते आणि फुगते, आतून कुजत गेली. हे खालून दिसत नाही, आणि वरूनही आच्छादन उचकटेपर्यंत दिसत नाही. फोमची घनता, गोंदाचा प्रकार, बोर्डाची जाडी यांचे सगळे कागद चोख असते तरी ती छपरे कुजलीच असती.

म्हणून कौन्सिलच्या पत्रातील प्रश्नांवर आक्षेप घ्यायचा तर तो वेगळा घ्यायला हवा. नेहमीच्या तपासण्यांचा क्रम लाकडी सांगाड्यावर बेतलेला आहे : पाया, सांगाडा, मग ‘प्री-लाइन’, म्हणजे आतला जिप्सम बोर्ड लागण्यापूर्वीची तपासणी, ज्यात तपासनीस मीटरच्या दोन सुया दांड्यात टोचतो आणि ओलावा साधारण २० टक्क्यांच्या आत आहे की नाही ते पाहतो. सिपच्या घरात त्या दिवशी तो येतो तेव्हा भिंत दोन्ही बाजूंनी आधीच बंद असते. बोर्डाचा ओलावा त्याला मोजता येतो, परंतु दोन पॅनेलमधील जोडपट्टीच्या दोन्ही अंगांना सीलंट सलग ओढले आहे की मध्येच तुटले आहे, आढ्याच्या फटीत फोम तळापर्यंत गेला आहे की नुसता वरच्या तोंडाशी फुगला आहे, हे पाहण्याची वेळ निघून गेलेली असते. आराखड्याच्या टेबलावर महिनाभर चाललेली छाननी आणि सांध्यापाशी शून्य मिनिटे, ही या व्यवस्थेची खरी विषमता आहे.

कायद्यात दुसरी वाट आहेच. त्याच १९ व्या कलमात ‘कोडमार्क’ प्रमाणपत्राचा समावेश आहे; एखाद्या उत्पादनाला ते मिळाले असेल तर प्रमाणपत्रातील अटींच्या मर्यादेत कौन्सिलला ते नाकारता येत नाही, तर ब्रान्झचे ‘अप्रेजल’ हे प्रतिष्ठित असले तरी तज्ज्ञाचे मत आहे, त्याला वजन मिळते, बंधन नव्हे. एकच आराखडा अनेकदा बांधणाऱ्यासाठी ‘मल्टिप्रूफ’ ही देशव्यापी मंजुरी आहे. परंतु या तिन्ही वाटा एकेका कंपनीच्या खिशातून जातात, आणि लहान उत्पादकाला त्या परवडतीलच असे नाही. अमेरिकेच्या निवासी संहितेत सिप भिंतींसाठी स्वतंत्र विभाग आहे, २०१५ च्या आवृत्तीपासून त्याचा क्रमांक ‘आर ६१०’ आहे. मर्यादित मजल्यांच्या घरापुरते का होईना, तेथे कोष्टक आहे, जोडणीची आकृती आहे, आणि तपासनिसाच्या हातात सांधा कसा असावा हे सांगणारे पान आहे. न्यूझीलंडच्या बांधकाम पाहणाऱ्या मंत्रालयाने असे पान लिहावे, आणि ते लिहिताना अमेरिकेची आकृती जशीच्या तशी न उचलता येथील पावसासाठी, पोकळीच्या रिपांसह, नव्याने काढावी.

ते पान येईपर्यंत एक गोष्ट कोणत्याही कौन्सिलला आजच करता येण्याजोगी आहे, कारण संमती देताना कोणत्या टप्प्यावर तपासणी होईल हे ठरवणे तिच्याच हातात असते : सिपच्या घरासाठी ‘प्री-लाइन’च्या आधी एक तपासणी जोडावी, पॅनेल उभी करण्याच्या दिवशी, आढ्याचा सांधा टेपखाली झाकला जाण्यापूर्वी, आणि त्या दिवशी तपासनिसाने शिडी चढून वर जावे.