मदतीच्या आधी माहिती पोचायला हवी

जुलै उजाडला की कोल्हापुरात घरोघरी एकच चौकशी सुरू होते: राजाराम बंधाऱ्याला पाणी किती? ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे तिथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असते. सांगलीत हाच हिशेब आयर्विन पुलापाशी ४० आणि ४५ फुटांवर होतो. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाचे आकडे व्हॉट्सॲपवर फिरत राहतात. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, कोयनेतून विसर्ग किती क्युसेक, अलमट्टीतून किती पाणी पुढे सोडले, सगळे त्यात असते. आकडा चढू लागला की प्रयाग चिखली-आंबेवाडीची माणसे दावणीची जनावरे सोडतात, दुकानदार माल वरच्या फळीवर चढवतात, म्हाताऱ्या माणसांना पाहुण्यांकडे धाडले जाते. बहुतेकांना त्यासाठी कुणाच्या लेखी आदेशाची गरज भासत नाही.

संकटकाळातल्या खुल्या डेटाची चर्चा निघाली की बोलणे लगेच उपग्रह, ड्रोन आणि कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळते. ही साधने मोलाची आहेतच. पण या विषयाचा गाभा राजाराम बंधाऱ्यापाशी, पंचगंगेच्या काठावर जास्त स्वच्छ दिसतो. तिथे नियमित मोजलेला एक आकडा आहे, तो कुणालाही अर्जविनंतीशिवाय पाहता येतो आणि आकडा अमुक झाला की काय करायचे हे आधीच ठरलेले आहे. या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे जीव वाचतात. यातले एक जरी निसटले तरी काय होते, तेही याच काठाने पाहिले आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याची पातळी ५५ फुटांच्या वर गेली आणि आयर्विनची ५७ च्या वर. पातळी रोज जाहीर होत होती, तरी हजारो माणसे घरात अडकली. अनेकांच्या मनात २००५ च्या पुराची खूण पक्की होती आणि पाणी त्याच्या वर येणार नाही असा भरवसा होता. नदी किती फुटांवर आहे हे ठाऊक होते. ती आपल्या उंबऱ्यात किती फुटांना पोचेल, हे सांगणारा नकाशा त्यांच्या हाती नव्हता.

हा नकाशा आधी हाती असणे म्हणजे काय, हे हैती आणि नेपाळ शेजारी ठेवले की कळते. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स भूकंपात कोसळली. देशोदेशींची बचाव पथके उतरली तेव्हा त्यांच्याजवळ शहराचा धड नकाशा नव्हता. ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या जागतिक नकाशावर काही मोठे रस्ते तेवढे होते. मग उपग्रह कंपन्यांनी ताजी छायाचित्रे खुली केली आणि जगभरातल्या सहाशेहून अधिक स्वयंसेवकांनी आपापल्या घरी बसून गल्ल्या, पडलेल्या इमारती, तंबूंच्या वसाहती त्यावरून रेखाटल्या. तो नकाशा थेट बचाव पथकांच्या हातातल्या जीपीएस यंत्रांत गेला. याच अनुभवातून त्या वर्षी ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम ही संस्था उभी राहिली. या लोकांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. तरीही ढिगाऱ्याखालचा माणूस जिवंत सापडण्याची आशा ज्या पहिल्या दिवसांत सर्वांत जास्त असते, नेमके ते दिवस नकाशा काढण्यात खर्ची पडले.

नेपाळमध्ये काही माणसांनी हा धडा वेळेत घेतला होता. काठमांडूत मोठा भूकंप होणार, हे भूशास्त्रज्ञ कित्येक वर्षे सांगत होते. जागतिक बँकेच्या एका उपक्रमातून तिथल्या खोऱ्यातल्या दोन हजारांहून अधिक शाळा आणि साडेतीनशेच्या आसपास आरोग्य केंद्रे नकाशावर आणण्याचे काम सुरू झाले. त्याच कामातून नामा बुढाथोकी आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी काठमांडू लिव्हिंग लॅब्ज ही संस्था उभी केली. कॉलेजची मुले गल्लोगल्ली फिरली आणि शाळेची इमारत किती मजली, कशाची बांधलेली, याच्या नोंदी करत गेली. २५ एप्रिल २०१५ रोजी ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा पाया तयार होता. जगभरातून हजारो स्वयंसेवक नकाशाच्या कामाला लागले, आणि त्यांना दिशा द्यायला काठमांडूतलीच, तिथल्या रस्त्यांची नावे ठाऊक असलेली माणसे होती. कुठे तंबू हवेत, कुठे पाणी पोचलेले नाही, अशा तक्रारी याच संस्थेने क्वेकमॅप नावाच्या नकाशावर गोळा केल्या आणि मदत करणाऱ्यांपुढे ठेवल्या.

नेपाळने आणखी एक गोष्ट शिकवली. भूकंपाचे केंद्र गोरखा जिल्ह्यात होते, म्हणून सुरुवातीला सगळ्यांच्या नजरा गोरख्याकडे लागल्या. पण जमिनीतला तडा पूर्वेकडे सरकत गेला होता. सर्वाधिक माणसे सिंधुपाल्चोक जिल्ह्यात दगावली, जवळपास साडेतीन हजार. गोरख्यातला आकडा चारशेच्या घरात होता. घरे कशाची, डोंगरउतारावर वस्ती किती, रस्ता कुठवर जातो, ही माहिती आधी हाताशी असेल तर फटका कुठे जास्त बसला असेल याचा अंदाज पहिल्या दिवशीच बांधता येतो. नसेल तर ज्या गावाचे नाव बातमीत आधी येते, मदतही आधी तिथेच जाते.

आकडा ठरलेल्या रेषेपलीकडे गेला की थेट पैसा हलतो, अशी व्यवस्थाही आज अस्तित्वात आहे. जुलै २०२० मध्ये बांगलादेशात जमुनेला मोठा पूर येणार असा इशारा जागतिक पूर अंदाज प्रणाली आणि बांगलादेशच्या पूर अंदाज केंद्राच्या आकड्यांवरून मिळाला. अंदाज किती पक्का झाला की मदत सोडायची, हे आधी लिहून ठेवले होते. त्यानुसार संयुक्त राष्ट्रांच्या केंद्रीय आपत्कालीन निधीने पुराचा कळस येण्याच्या आधीच ५२ लाख डॉलर मोकळे केले. त्यातून लोकांना रोख रक्कम मिळाली, जनावरांना खाद्य मिळाले, धान्य आणि बियाणे कोरडे राहील अशी पिंपे मिळाली. पूर ओसरल्यावर पंचनामा करून दिलेल्या रुपयापेक्षा आधी हाती आलेला रुपया गाय विकण्याची वेळ टाळतो, हे नदीकाठच्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

आता सह्याद्रीकडे येऊ. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गेले. १५१ माणसे गेली. सकाळच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला समोर गावच दिसेना, तेव्हा बाहेरच्या जगाला ते कळले. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेत ८० हून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गेली. वाडीपर्यंत रस्ता नव्हता, त्यामुळे यंत्रे वर नेता आली नाहीत. जवान आणि गिर्यारोहक चिखल तुडवत चढले आणि हाताने माती उपसत राहिले. २७ मृतदेह मिळाले. ५७ जणांचा शोध लागला नाही आणि अखेर शोधकार्य थांबवावे लागले.

दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते, हे सरकारनेच विधिमंडळात सांगितले. दरड कोसळण्याआधीच्या तीन दिवसांत तिथे ४९९ मिलिमीटर पाऊस झाला होता, हेही सांगितले. ही दोन विधाने शेजारी ठेवून वाचावीत. पाऊस मोजला जात होता, आकडा सरकारकडे होता. पण त्या आकड्याला जोडायला वाडीच यादीत नव्हती. राजाराम बंधाऱ्याला ४३ फूट झाले की चिखलीकर निघतात. तीन दिवसांत किती मिलिमीटर झाले की इर्शाळवाडीने निघायचे, हे कुणी ठरवले नव्हते, मग तिथल्या ठाकर कुटुंबांना ते सांगणार कोण?

यादीतून वाडी का निसटते, याचे एक कारण आपल्या नोंदींच्या घडणीत आहे. आपली जनगणना, सातबारा, शासनाचे संकेतांक हे सारे महसुली गावाभोवती बांधलेले आहे. गावठाणापासून दोन डोंगर पलीकडची वाडी, पाडा, तांडा किंवा धनगरवाडा कागदावर गावातच मिसळून जातो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने दरडींच्या धोक्याचे राष्ट्रीय नकाशे केले आहेत आणि ते भूकोश या संकेतस्थळावर पाहायला मिळतात. काम मोठे आहे. पण त्यांचे प्रमाण एकास ५० हजार आहे, म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर हा जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. पन्नासेक घरांची वाडी त्यावर काही मिलिमीटरच्या ठिपक्याएवढी होते. तेवढ्यावरून कुठल्या घराच्या मागचा उतार हलतो आहे हे कळत नाही. कुठल्या वाडीत आधी जाऊन पाहायचे, एवढे मात्र नक्की कळते.

आणि वाड्यांची नोंद देशात कुठेच नाही, असेही नाही. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये पंतप्रधान ग्रामसडक योजनेचा भौगोलिक डेटा सर्वांसाठी खुला केला. त्यात देशभरातल्या दहा लाखांहून अधिक वस्त्या त्यांच्या जागेसह आहेत, शिवाय ग्रामीण रस्ते, शाळा, दवाखाने. आपल्याकडे महसूल मंडळनिहाय पाऊस रोजच्या रोज जाहीर होतो. म्हणजे धोक्याचा उतार, वस्ती, रस्ता आणि पाऊस हे चारही धागे आज सार्वजनिक आहेत. ते एकत्र विणायला हवेत. हे काम जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने अंगावर घ्यावे आणि त्याचा निकाल लोकांपुढे ठेवावा, अशी माझी मागणी आहे.

यावर अधिकाऱ्यांचा नेहमीचा आक्षेप असतो की यादी जाहीर केली तर घबराट होईल, पुनर्वसनाच्या मागण्या येतील. मागण्या येतील हे खरे आहे आणि त्या यायलाच हव्यात. पाचशे वाड्या धोक्यात असतील आणि यंदा पन्नासांचेच पुनर्वसन शक्य असेल, तर उरलेल्यांना पावसाळ्यात कधी आणि कुठे हलवायचे याचे नियोजन करता येते. ते वाडीला बरोबर घेऊन करावे लागते, आणि त्यासाठी आधी वाडीला खरे सांगावे लागते. ज्याच्या घरावर डोंगर आहे त्याला डोंगराची माहिती नाकारण्याचा अधिकार कोणत्याही कार्यालयाला नाही.

स्वयंसेवक हे काम करतील, असेही कुणी म्हणेल. करोनाकाळात त्यांनी केलेही. कोविड१९इंडिया या गटातल्या तरुणांनी राज्याराज्यांच्या पत्रकांतले आकडे वेचून देशाचे जिल्हावार चित्र रोज उभे केले. शासनाचे आकडे अनेकदा चित्रस्वरूपात किंवा पीडीएफमध्ये येत, ते एकेक करून टिपून घ्यावे लागत. ३१ ऑक्टोबर २०२१ ला त्यांनी ते काम थांबवले. नोकरीशिक्षण सांभाळून कुणी किती वर्षे हे करावे? शासनाने आकडे तक्त्याच्या रूपात, तारखेसह, एकाच पद्धतीने दिले असते तर त्या मुलांचे कष्ट नोंदी टिपण्याऐवजी विश्लेषणाला लागले असते.

एका बाबतीत मात्र दार बंदच हवे. वाडी, पाऊस, उतार, निवारा ही माहिती खुली असावी. माणसाचे नाव, बोटांचे ठसे, आजार, जात आणि धर्म उघडे नसावेत. बांगलादेशातल्या रोहिंग्या निर्वासितांची नोंदणी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने केली. ती माहिती बांगलादेश सरकारमार्फत म्यानमारपर्यंत, म्हणजे ज्या राजवटीपासून ते पळाले तिच्यापर्यंत पोचली आणि अनेकांना त्याची पुरेशी कल्पना दिली गेली नव्हती, असे ह्यूमन राइट्स वॉचने जून २०२१ मध्ये पुढे आणले. संस्थेचे म्हणणे होते की संमती घेतली होती. पण रेशनसाठी रांगेत उभ्या असलेल्या निर्वासिताची संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न उरतोच. म्हणून नुकसानीचे आकडे गाव आणि वाडीच्या पातळीवर जाहीर करावेत, घराची ओळख पटेल असे काहीही त्यात नसावे.

माझ्या मागण्या तीन आहेत. प्रत्येक डोंगरी तालुक्याने धोक्यातल्या वाड्यांची यादी जागेसह, पाहणीची तारीख आणि पाहणी करणाऱ्या यंत्रणेच्या नावासह जाहीर करावी, आणि ती शोधता व वापरता येईल अशा तक्त्यात असावी. प्रत्येक मंडळासाठी पावसाची इशारा पातळी आणि स्थलांतराची पातळी ठरवावी, निवारा कोणता हे त्याच फलकावर लिहावे. आणि दर दुर्घटनेनंतर त्या यादीने कुठे दगा दिला हे तपासून यादी सुधारावी. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ स्वतःहून माहिती प्रसिद्ध करण्याचे बंधन शासनावर २००५ पासून घालतेच आहे.

डोंगराखाली राहणाऱ्या वाचकांनी पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेपर्यंत थांबू नये. या आठवड्यात तहसील कार्यालयात जाऊन लेखी विचारावे: आमची वाडी यादीत आहे का, नसेल तर शेवटची पाहणी कधी झाली, किती पावसाला आम्ही निघायचे आणि निघून कुठे जायचे? उत्तर लेखीच घ्यावे, आणि ते वाडीतल्या प्रत्येक घरात वाचून दाखवावे.