एक अंक, सगळं घर
दिवाळी अंकांची नोंदणी करताना परवा पुतणी म्हणाली, "काका, यंदा आम्हाला वेगळा संच घ्या ना, नंबर लागेपर्यंत तुळशीचं लग्न उरकतं!" मी साफ नाही म्हटलं. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात फराळाबरोबर अंक येतात, आणि त्यांची खरी लज्जत पाळीपाळीने वाचण्यातच आहे. आमच्याकडे आई आधी राशिभविष्य उरकते, मग कथांकडे वळते. वहिनीला लेख लागतात. दादा व्यंगचित्रांसाठी दुसऱ्याच्या हातातला अंक पळवतो. आई आवडलेल्या ओळीपाशी पेन्सिलीने बारीक टिंब देते. माझी पाळी आली की त्या टिंबापाशी मी हमखास थांबतो, कारण इथे तिला काय भिडलं असेल ते मला हवं असतं. वेगळ्या प्रतीत ते टिंब कुठून येणार? म्हणूनच पुस्तकांच्या कपाटाला कुलूप लावणाऱ्यांशी माझं जमत नाही. पाचगणीजवळच्या भिलारने २०१७ पासून पाहुण्यांसाठी घराघरांत पुस्तकं मांडली. मग आपल्याच भाचरांना पुस्तक द्यायला आपण का कचरावं? दिलेलं परत येत नाही, ही तक्रार खरी आहे, पण मला तिचं दुःख नाही. मावसभावाने नेलेली माझी 'बनगरवाडी' आता त्याची मुलगी वाचते आहे. तिचं वाचून झालं की 'माणदेशी माणसं'ही धाडणार आहे.