माणसे का टिकतात, का जातात?

शाळेत नवे शिक्षक येतात, मुलांना लळा लावतात आणि दोन-तीन वर्षांत निघून जातात. "बाई का गेल्या?" असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते, "दुसरीकडे पगार जास्त मिळाला." पगाराचे महत्त्व आम्ही नाकारत नाही, घर त्यावरच चालते. पण तेवढ्या उत्तराने आमचे समाधान होत नाही.

आपल्या बडोद्याचीच दोन उदाहरणे पाहा. रियासतकार गो. स. सरदेसाई १८८९ मध्ये सयाजीराव महाराजांच्या नोकरीत आले आणि १९२५ पर्यंत राहिले. वाचक म्हणून आले, राजपुत्रांचे शिक्षक झाले, आणि शिकवता शिकवता इतिहासकार झाले. त्यांना या नोकरीत वाढायला वाव मिळाला.

याच महाराजांनी १९१३ मध्ये शिष्यवृत्ती देऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अमेरिकेस पाठवले. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. १९१७ मध्ये बाबासाहेब रुजू झाले. पण कचेरीतले शिपाई त्यांच्याकडे लांबूनच फायली फेकीत. शहरात राहायला जागा मिळेना. पारशी पथिकाश्रमातूनही त्यांना हाकलण्यात आले. थोड्याच दिवसांत त्यांना बडोदे सोडावे लागले. महाराज तेच होते, पगार होता, करारही होता. जातिभेद पाळणाऱ्या कचेरीपुढे आणि शहरापुढे यांतले काहीच कामी आले नाही.

त्या अन्यायाशी आजच्या कुठल्याही गैरसोयीची बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही. मात्र त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. नेमणूक वरचे लोक करतात; माणूस टिकतो की जातो, हे बरेचसे रोज भेटणाऱ्यांच्या वागण्यावर ठरते.

म्हणून विश्वस्तांना आमची विनंती, की परगावहून येणाऱ्या शिक्षकांना जागा शोधायला मदत करावी, नेमणुका वर्षानुवर्षे तात्पुरत्या ठेवू नयेत आणि पुढे शिकू इच्छिणाऱ्यांना रजा द्यावी. पालकांनी तक्रार असल्यास थेट शिक्षकांशी बोलावे. मुलांसमोर त्यांना नावे ठेवू नयेत. विद्यार्थी मित्रांनो, एखादा धडा छान समजला तर तसे बाईंना, सरांना जरूर सांगा.

राजीनामा हाती पडल्यावर कारण विचारून फारसे साधत नाही. "इथे काय अडचण आहे?" हे शिक्षक शाळेत असतानाच विचारले पाहिजे.