मोबाइलच्या आधी ट्रॅक्टरचं बघा

प्रति,
मा. सचिव, ग्राहक व्यवहार विभाग,
भारत सरकार, नवी दिल्ली



नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोऱ्याहून हे पत्र लिहितो आहे. जुलै 2022 मध्ये आपल्या विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने निवडलेल्या क्षेत्रांत शेतीची यंत्रं होती. त्याच वर्षी 24 डिसेंबरला या हक्काचं पोर्टलही सुरू झालं. पण कोणती वस्तू दुरुस्तीला किती सोपी, याचा निर्देशांक ठरवायची वेळ आली तेव्हा मे 2025 च्या अहवालात मान मिळाला तो मोबाइल आणि टॅब्लेटला. ट्रॅक्टर राहून गेला.

मोबाइल बिघडला तर शेजाऱ्याचा मागता येतो. पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर किंवा अर्धवट खोदलेल्या शेततळ्यात जेसीबी बंद पडून उभा राहिला, तर हप्ता चुकत नाही आणि वाफसा थांबत नाही.

एप्रिल 2021 पासून खोदकामाच्या यंत्रांना आणि जानेवारी 2023 पासून 50 अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक निकष लागू झाले. धूर कमी व्हावा, हे आम्हालाही हवंच आहे. पण त्यासाठी इंजिनात सेन्सर आणि कंट्रोल युनिट आले, आणि त्यांची किल्ली कंपनीच्या लॅपटॉपमध्ये राहिली. पूर्वी गावचा मिस्त्री नोझल, डिझेल पंप खोलून दोष सांगायचा. आता मीटरवर एरर कोड येतो आणि सर्व्हिस इंजिनिअरची वाट बघावी लागते. सेन्सर बदलून भागेल की अख्खा पंप टाकावा लागेल, हे तोच सांगणार. मिस्त्रीला विचारावं, तर त्याच्याकडे कोड वाचायचं साधन नाही. बिल मोठं येतं, हे सोसू. ते बरोबर आहे का हे तपासता येत नाही, ही आमची खरी तक्रार आहे.

यावर अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने 2023 मध्ये कायदाच केला. शेतीयंत्रांचे सुटे भाग, माहितीपुस्तिका आणि दोष शोधायची साधनं मालकाला व बाहेरच्या मिस्त्रीलाही रास्त अटींवर देणं तिथल्या कंपन्यांना बंधनकारक आहे.

आमच्या मागण्या तीन. एरर कोडचा अर्थ मराठीत यंत्रासोबत मिळावा. कोड वाचायचं साधन रास्त किमतीत मिस्त्रीला विकत मिळावं. सुट्या भागांचे दर आणि ते किती वर्षं मिळतील, हे खरेदीआधीच लेखी द्यावं.

पुढच्या निर्देशांकात शेतीची आणि खोदकामाची यंत्रं घ्या, आणि तो ठरवताना कंपन्यांबरोबर तालुक्याच्या गावातल्या मिस्त्रींनाही बोलवा.

आपला,
धानोऱ्याचा एक यंत्रमालक