ओल्या जमिनीचा धनी कोण?

पाणथळ जागा म्हटली की नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी किंवा ठाण्याची खाडी डोळ्यांपुढे येते. कोथरूडच्या दाट वस्तीत पाणथळ कोठून आली, असा प्रश्न कोणालाही पडेल. तथापि वेताळ टेकडीच्या रांगेपासून मुठेपर्यंतच्या या उतारावर पावसाचे पाणी पूर्वापार ओढ्यांतून, सखल जागांतून आणि नदीकाठच्या ओल्या पट्ट्यांतून वाहत व मुरत आले आहे. शेतांच्या जागी गृहरचना संस्था उभ्या राहिल्या म्हणून जमिनीचा उतार बदलत नाही.

कायद्याला मात्र या जागा दिसत नाहीत. पाणथळ जागांसंबंधीचे २०१७ चे केंद्रीय नियम रामसर यादीतील आणि शासनाने अधिसूचित केलेल्या जागांनाच लागू होतात. नदीपात्रे, तसेच पिण्याच्या पाण्यासाठी व सिंचनासाठी बांधलेले जलाशय त्यांतून वगळले आहेत. उरतो तो विकास आराखडा आणि पूररेषा. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा व शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची तांबडी रेषा मुठेच्या काठी आखता येते. पण वस्तीमधून जाणारा ओढा अरुंद होत जातो, नळ्यांत कोंडला जातो आणि अखेर विस्मरणात जातो. त्याचे स्मरण पाणीच करून देते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याने ते पुण्याला करून दिले, आणि त्याची किंमत माणसांनी प्राणांनी मोजली.

या प्रकाराचा सारा दोष बांधकाम व्यावसायिकाच्या लोभावर टाकणे सोपे आहे. पण पुरेसे नाही. शहराला घरे हवीत, हे निर्विवाद आहे. खरी मेख हिशेबात आहे. भराव टाकून जमीन कोरडी केली की वाढलेला भाव मालकाच्या पदरात पडतो. तीच जमीन पाणी मुरवीत राहिली, तर लाभ सर्वांचा होतो आणि म्हणून त्याचे मोल कोणीच देत नाही. भरावाचा तोटाही मालकाच्या वहीत येत नाही. तो उताराच्या खालच्या टोकाला राहणाऱ्याच्या घरात शिरतो.

यावर मोबदल्याचा एक मार्ग पुण्याने अनुभवला आहे. समाविष्ट गावांतील टेकड्यांवरील जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणापोटी शासनाने २०१५ मध्ये आठ टक्के हस्तांतरणीय विकास हक्क देऊ केले. जमीनमालकांना ते अपुरे वाटले. यातून घेण्याजोगा बोध स्पष्ट आहे: ज्या जमिनीकडून समाजाला सेवा हवी, तिचा भार एकट्या मालकावर टाकला, तर आरक्षण नकाशावर राहते आणि अतिक्रमण जमिनीवर.

म्हणून महापालिकेने प्रत्येक ओढ्याची रुंदी व काठ मोजून त्यांची नोंद मिळकतपत्रिकेवरच करावी. काठ मोकळा ठेवणाऱ्याला अन्यत्र वापरता येतील असे पुरेसे हक्क द्यावेत. आणि पाणी अडविणाऱ्या बांधकामाला परवानगी देताना खालच्या वस्तीचे संभाव्य नुकसान विचारात घ्यावे. यासाठी पैसा लागेल, हे खरे. पण तो आज खर्च केला नाही, तर वाचतो असे नव्हे. त्याची वसुली पुढच्या पुरात होते, आणि तीही ज्यांच्या नावावर त्या जमिनीचा एक गुंठाही नाही त्यांच्याकडून.