कोकम घेणार? कुठलं?

मे महिन्यात मुंबई-पुण्याची आमची गँग रत्नागिरीत उतरली की पहिला प्रश्न ठरलेला, सरबत घेणार? आणि कोल्ड्रिंकला नाकं मुरडणारी, जिममध्ये घाम गाळणारी सगळी मंडळी एका सुरात ‘दोन ग्लास!’ म्हणतात. कोकम नॅचरल ना!

आता गंमत बघा. आमच्याकडे घरोघरी कोकमाच्या दोन लाल बाटल्या असतात. एकीत आगळ, म्हणजे पिकलेल्या रातांब्यांचा रस आणि मीठ, बस्स. सोलकढी त्याचीच. दुसरीत अमृत कोकम. रातांब्याच्या सालींच्या वाट्यांत साखर भरून बरणी उन्हात ठेवायची, सुटेल तो पाक. त्यात निम्म्याहून जास्त साखरच. दोन-तीन मोठे चमचे ग्लासात गेले की २० ग्रॅम सहज. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं, की अशी साखर (मध आणि ज्यूससुद्धा यातच!) दिवसाच्या कॅलरीजच्या १० टक्क्यांच्या आत हवी, ५ टक्के झाली तर उत्तम. २००० कॅलरीज खाणाऱ्याला ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. दुसऱ्या ग्लासातच कोटा खलास. चहा अजून व्हायचाय.

‘पण मी कुठे जाडा आहे?’ हा पुढचा डायलॉग. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक २००४ साली ‘लॅन्सेट’मधल्या एका फोटोत लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्या शेजारी उभे राहिले. दोघांचा बीएमआय सेम टु सेम, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२! वजनकाट्याला आपल्यातलं हे ‘थिन-फॅट’ प्रकरण दिसतच नाही.

साखर निम्मी ग्लुकोज, निम्मी फ्रुक्टोज. ग्लुकोज अंगभर वापरलं जातं, फ्रुक्टोजचा बराचसा भार एकट्या लिव्हरवर. रोजच जास्त आलं की लिव्हर त्याची चरबी बनवतं. ती तिथेच साचत गेली की ते इन्शुलिनला दाद देईनासं होतं. मग ट्रायग्लिसराइड्स चढतात, फॅटी लिव्हर, पुढे डायबिटीस. तोवर दुखत-खुपत काही नाही, जीन्सही तीच बसते. त्यात प्यायलेल्या साखरेने पोट भरत नाही, त्यामुळे जेवण कमी होतं म्हणावं तर तेही नाही.

मी आगळच घेते. गार पाणी, भाजलेल्या जिऱ्याची पूड, झालं. मीठ त्यात मुळातच असतं, तेव्हा बीपीवाल्यांनी जपून. आणि आंबा? एखादा कापून खा की, रेषांसकट. हापूसच्या रसात वरून साखर घालणाऱ्यांशी आम्ही रत्नागिरीकर तसंही बोलत नाही.